आधी गाद्या, मग कार्ट्रिज

माझ्या ओळखीतल्या सात-आठ जणांनी गेल्या काही वर्षांत टर्नटेबल घेतलं. सगळे आपलेच, म्हणजे आयटीवाले. बोनस जमा झाला, आजोबांच्या रेकॉर्डी माळ्यावर सापडल्या, चार व्हिडिओ बघितले आणि झालं. मग सहा महिन्यांनी मला फोन येतो, "अरे, आवाज काही खास येत नाहीये. कार्ट्रिज बदलू का? की सरळ वरचं मॉडेल घेऊ?" मी विचारतो, "खोली कशी आहे?" पलीकडे शांतता. मग, "खोली? खोलीचं काय? हॉल आहे, असतो तसा."

असतो तसा. तिथेच तर सगळं अडलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा शनिवार वाया जायला नको :) आपल्या आजच्या घरांत, म्हणजे चारी बाजूंनी सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल अशा डब्यात, प्लेयर एकदा बरा झाला की त्यापुढे त्याच्यावर घातलेला पैसा ऐकूच येत नाही. तो आवाज आपल्या कानापर्यंत पोचायच्या आत खोली त्याचं पिठलं करते. आणि खोली सुधारायला जो माल लागतो तो आमच्या जालन्यात ढिगाने मिळतो. त्याचं नाव कापूस.

ऑफिसात आपण काय करतो बघा. प्रोग्रॅम रखडला की ज्युनियर पोरगा लगेच त्याला आवडणारं फंक्शन घासायला घेतो. आपण त्याला सांगतो, बाबा रे, आधी प्रोफायलर चालव, वेळ कुठे जातोय ते बघ. जीन अ‍ॅमडाल या गृहस्थांनी १९६७ साली हेच जरा जड भाषेत मांडलं होतं: एकूण वेळेतला जो तुकडा लहान आहे तो कितीही वेगवान केलात तरी एकूण फायदा लहानच राहतो. सोमवार ते शुक्रवार हे दुसऱ्यांना शिकवणारा माणूस शनिवारी घरी येऊन चाळीस हजारांचं कार्ट्रिज मागवतो. प्रोफायलर चालवत नाही.

इथला प्रोफायलर फुकट आहे. खोलीच्या मधोमध उभं राहा आणि एक टाळी वाजवा. टाळीनंतर कबुतर उडाल्यासारखी फर्रर्र अशी फडफड ऐकू आली, तर ती दोन समोरासमोरच्या कडक भिंतींमधली टोलवाटोलवी आहे. खोली १२ फूट रुंद असेल तर आवाज एका भिंतीवरून निघून दुसरीला आपटून परत यायला साधारण २१ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ४७-४८ फेऱ्या. तबल्याची प्रत्येक चाट, सतारीची प्रत्येक छेड या फेऱ्या मारत बसते. आणि रेकॉर्डिंगमध्ये स्टुडिओची किंवा सभागृहाची स्वतःची थोडी गुंज आधीच असते. आपण तिच्यावर आपल्या हॉलची गुंज ओततो. एका फोटोवर दुसरा फोटो छापल्यासारखं.

आता थोडा इतिहास. थोडाच, घाबरू नका.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग म्युझियममधलं नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं, की प्राध्यापक काय बोलतात ते कुणालाच कळेना. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात हे काम पडलं. त्याने काय करावं? शेजारच्या सँडर्स थिएटरच्या बैठकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी फुंकायची आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉच आणि स्वतःचा कान लावून मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. असं रात्रीमागून रात्री. त्यातून त्याने जे सूत्र काढलं ते आजही सगळे वापरतात: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. उत्तर सेकंदात येतं. आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उघडला, त्याच्यामागे हाच माणूस होता. आधुनिक ध्वनिशास्त्राचा पाया एका माणसाने गाद्या वाहून वाहून घातलाय, हे मला फार आवडतं.

आणि शोषण मोजायचं त्याचं एकक होतं उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून आवाज बाहेर जातो, परत येत नाही, म्हणजे शंभर टक्के शोषण. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमचं जालन्याचं घर घेऊ. खोली १४ बाय १२, उंची १० फूट. घनफळ साधारण ४७.५ घनमीटर, भिंती-छत-जमीन मिळून पृष्ठभाग ८० चौरस मीटर. गिलावा, स्लॅब आणि टाइल हे सगळे मिळून अंगावर पडलेल्या आवाजातला जेमतेम ३ टक्के शोषतात. ८० गुणिले ०.०३ म्हणजे २.४. सूत्रात घाला: रिकाम्या खोलीत आवाज ३ सेकंदांच्या वर घुमतो. दिवाण, कपाट, पडदा, दोन माणसं, दारा-खिडक्यांच्या फटी धरल्या तर शोषण साडेपाचपर्यंत जातं आणि वेळ १.४ सेकंदांवर येतो. रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक साधा मापनाचा माइक घेऊन मी मोजलं तेव्हा मधल्या पट्टीत १.३ आलं. घरात गाणं ऐकायला हा आकडा ०.३ ते ०.६ च्या दरम्यान हवा. म्हणजे आमची बैठकीची खोली ही बैठकीची खोली नव्हती, लहानसं मंगल कार्यालय होतं.

हे सगळं मी हौस म्हणून केलं नाही. कारण होते अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळामास्तर होते, आता ७४ वर्षांचे आहेत. दीडेकशे एलपी आणि एक ट्रंकभर ७८ च्या रेकॉर्डी हा त्यांचा आयुष्यभराचा एकमेव खर्चिक नाद. दोन-तीन वर्षांपासून त्यांनी प्लेयर लावणंच सोडून दिलं. विचारलं तर म्हणायचे, "मजा येत नाही रे. शब्द कळत नाहीत." आईचं निदान वेगळं होतं, "कान गेले त्यांचे, दुसरं काय." कान तपासले. वयामानाने वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालंय असं निघालं, श्रवणयंत्र घेतलं. तरी शब्द कळेनात. उलट म्हणाले, "आता गोंधळ जोरात ऐकू येतो." :)

हे वाक्य विनोदी आहे, पण तंतोतंत बरोबर आहे. बोलण्यातले स्वर, आ-ई-ऊ, जोरकस असतात आणि लांबतात. अर्थ मात्र व्यंजनांत असतो. क, त, स, श यांच्यात ताकद कमी आणि त्यांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत, नेमका वयानुसार जातो तिथे. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते आणि ते झाकलं जातं. तरुण मेंदू ही रिकामी जागा भरून काढतो, आपल्याला कळतही नाही. सत्तरीतल्या माणसाला ते जमत नाही. श्रवणयंत्र शब्दाबरोबर शेपटीही मोठी करतं. म्हणजे अण्णांच्या कानांइतकाच दोष त्या खोलीचा होता. माझ्या एका सख्ख्या मित्राने तेव्हा सल्ला दिला होता, "काकांना एक भारी प्लेयर घेऊन दे." भारी प्लेयरने काय झालं असतं? न कळणारे शब्द जास्त चकचकीत आले असते.

गंमत म्हणजे अण्णा लहानपणी ज्या घरात गाणं ऐकायला शिकले ते अंबड तालुक्यातलं माळवदाचं घर. दोन-अडीच फुटी पांढऱ्या मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर काटक्या-फळ्या आणि वर मातीचा थर. सारवलेली जमीन. भिंतीत कोनाडे, देवळ्या, खुंट्या, खुंट्यांवर कपडे. कोपऱ्यात छतापर्यंत गोधड्यांची चळत. बैठक ओसरीत, आणि ओसरीची एक अख्खी बाजू अंगणाकडे उघडी. सबाइनची उघडी खिडकी, ती पण २० फुटी! ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बघा: कुठलीही भिंत गुळगुळीत नाही, छत लाकडी, कोपऱ्यात जाड शोषक, एक बाजू पूर्ण मोकळी. आज साउंड कन्सल्टंट या गोष्टींचे लाखभर रुपये घेतो. त्या घरात आवाज कसा येतो याचा कुणी विचारही केलेला नव्हता.

पण म्हणून "जुनं ते सोनं" वगैरे मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत हजारो माणसं गेली ती बहुतांशी दगडमातीच्या जड घरांखाली. त्यानंतर मराठवाड्यात ज्याला परवडलं त्याने सळई-सिमेंटचं घर बांधलं. आमचं नव्या जालन्यातलं घर १९९६ चं, त्याच भीतीतून आलेलं. आणि जालन्यात सळईला काय तोटा, गावच स्टीलच्या कारखान्यांचं. तर स्लॅब हवाच. माळवदाखाली झोपायला मी माझ्या मुलीला पाठवणार नाही. पण स्लॅब आला तेव्हा ओसरी गेली, कोनाडे गेले, गोधड्यांची चळत कपाटात गेली, सारवण गेलं आणि टाइल आली. घर सुरक्षित झालं आणि बहिरं करणारं झालं. त्यातलं पहिलं ठेवून दुसरं घालवता येतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर कापूस. हे जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. महिको १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथेच सुरू केली, आणि २००२ साली देशात मंजूर झालेल्या बीटी कपाशीच्या मागेही तीच कंपनी होती. जिनिंगचे कारखाने आजूबाजूला आहेत, आणि पिंजारी अजून टिकून आहेत. मी एका पिंजारीचाचांकडे गेलो आणि सांगितलं, चार बाय दोनच्या, चार इंच जाड दहा गाद्या हव्यात, लाकडी चौकटीत बसवायच्या, भिंतीला लावायला. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "भिंतीला? घरात कोणी डोकं आपटतं का?" मी म्हटलं, आवाज आपटतो. त्यावर ते काही बोलले नाहीत पण भाव वाढवून सांगितला :)

करताना ज्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत त्या अशा. कापूस पिंजलेला, फुललेला हवा. दाबून ठासलेला नको. हवा कापसात शिरून धाग्यांना घासली पाहिजे, तिथेच आवाजाची उष्णता होते. गादीला मारतात तसे टाके मारायचे, नाहीतर सहा महिन्यांत सगळा कापूस चौकटीच्या तळाशी बसतो. वरचं कापड म्हणून साधा मांजरपाट चांगला. कापड चालेल की नाही हे बघायची युक्ती: तोंडाला लावून फुंकर मारा, आरपार गेली तर चालेल. रेक्झिन चालणार नाही. आणि चौकट भिंतीला चिकटवू नका, मागे चार इंच मोकळी जागा सोडा. तेवढ्याच कापसात आणखी खालच्या पट्टीपर्यंत शोषण मिळतं. कापूस पेट घेतो, तेव्हा स्विचबोर्ड आणि देवघरातला दिवा यांच्यापासून लांब. ज्यांना ही धास्ती नको त्यांनी रॉकवूल घ्यावं, कारखान्यांच्या बॉयलरला गुंडाळतात ते. मात्र त्याचे धागे टोचतात, नीट झाकावं लागतं.

कुठे लावायच्या? पुतण्याच्या हातात आरसा दिला आणि त्याला बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यायला सांगितलं. अण्णा त्यांच्या खुर्चीत. जिथे आरशात त्यांना स्पीकर दिसला तिथे पेन्सिलची खूण. आवाज भिंतीवरून उडी मारून कानाकडे येतो तो तिथून. दोन्ही बाजूंना दोन-दोन, मागच्या भिंतीला चार, पुढच्या दोन कोपऱ्यांत एक-एक तिरपी. आणि मागच्या कोपऱ्यात कपाटातल्या सगळ्या जुन्या गाद्या-गोधड्यांची छतापर्यंत चळत. हो, तीच ती माळवदातली. खाली जाड सतरंजी. आई म्हणाली, "पाहुणे आले की विचारतील, गाद्यांचं दुकान टाकलं का." दोन आठवडे हे ऐकलं. मग तिच्या लक्षात आलं की टीव्हीचा आवाज ती आता बारा-तेरावर ठेवते, आधी पंचवीसवर असायचा. तेव्हापासून विषय बंद.

पुन्हा मोजलं: ०.५५ सेकंद. दहा गाद्यांनी खोलीतलं शोषण दुपटीच्या वर नेलं. सगळा खर्च दहा हजारांच्या आत, चाचांनी वाढवलेला भाव धरून.

दोन-तीन गैरसमज इथेच निकालात काढू. अंड्यांचे ट्रे काहीही करत नाहीत. थर्माकोल काहीही करत नाही. एक पातळ पडदा किंवा अर्धा इंची फोम फक्त अगदी वरचे सूर खातो, मग खोली मंद आणि ढब्ब वाटते आणि लोक म्हणतात "बघ, ट्रीटमेंट करून आवाज मेला." मेला कारण जाडी कमी पडली. आणि सगळ्या भिंती झाकू नका, खोली म्हणजे कापसाचं पोतं नव्हे. थोडं टणक, थोडं मऊ, आणि पुस्तकांचं एक वेडंवाकडं भरलेलं कपाट असलं तर फारच उत्तम.

खर्जाचं दुखणं वेगळं आहे आणि ते चार इंची गादीने जात नाही. खोलीच्या लांबी-रुंदी-उंचीत आवाजाची लाट नेमकी बसते तेव्हा ती कंपनसंख्या फुगते. १४ फुटांत साधारण ४० हर्ट्झ आणि तिची दुप्पट ८०, १२ फुटांत ४७ आणि ९४, १० फुटांत ५६ आणि ११२. आता काळी एकच्या गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार असते ६९ हर्ट्झला, डग्ग्याचा घुमारा त्याच्याच आसपास. म्हणजे आपलं संगीत नेमकं या आकड्यांच्या गर्दीत उभं आहे. एका खुर्चीत डग्गा छातीवर बसतो, दोन फूट सरकलात की गायब. यावर दोनच स्वस्त उपाय: कोपऱ्यातली जाड चळत, आणि खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला टेकून न ठेवणं. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून बघा, तिथून पुढे-मागे करा. (एक अवांतर: मे महिन्यात ४२ अंशांना आवाजाचा वेग डिसेंबरातल्या १२ अंशांपेक्षा पाच टक्के जास्त असतो, म्हणजे हे सगळे आकडे उन्हाळ्यात वर सरकतात. जालन्यात राहून आवाज मोजायचा तर तारखेबरोबर तापमानही लिहून ठेवा.)

"पण मी सॉफ्टवेअरने करेक्शन करतो की" हा आपल्या जमातीचा लाडका युक्तिवाद. करा, मीही थोडं वापरतो. पण त्याने फुगलेला सूर खाली आणता येतो. जिथे दोन लाटा एकमेकींना खातात तिथे कितीही ताकद ओता, ती पण खाल्लीच जाते. आणि घुमण्याचा जो वेळ आहे तो सॉफ्टवेअरने जवळजवळ हलत नाही. एका खुर्चीपुरतं बरं होतं, शेजारच्या खुर्चीत आणखी बिघडतं. बग डेटाबेसमध्ये असताना यूआयमध्ये पॅच मारल्यासारखं आहे ते.

आता प्लेयर. प्लेयरला काहीच द्यायचं नाही असं मी म्हणत नाहीये. खालची पायरी ओलांडायलाच हवी. सूटकेससारखे दिसणारे जे प्लेयर मिळतात त्यातले बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिजचे असतात आणि सुई पाच ग्रॅमच्या आसपास दाब देते. दीड-दोन ग्रॅमवर चालणारं साधं मॅग्नेटिक कार्ट्रिज, वजन आणि कोन बदलता येणारा हात, एवढं असलं की झालं. त्यापुढची पहिली सुधारणा पैशाची नसतेच, एका रविवारची असते. दागिन्यांचं वजन करायचा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो, त्यावर सुईचा दाब मोजा. गवंड्याची स्पिरिट लेव्हल ठेवून थाळी सपाट करा. प्रोट्रॅक्टर छापून कार्ट्रिजचा कोन लावा. मी पाहिलेल्या नव्याकोऱ्या महागड्या प्लेयरांपैकी निम्म्यांचे हात वाकडे बसवलेले होते. सुई हिऱ्याची असली तरी ५०० ते १००० तासांत झिजते. रोज एक तास ऐकलं तर दोन-तीन वर्षं. आजोबांच्या काळची सुई तशीच लावून कार्ट्रिजला शिव्या देऊ नका.

प्लेयर ठेवायचा कुठे, हा प्रश्न पुन्हा खोलीकडेच येतो. टर्नटेबल हे एकच असं यंत्र आहे जे स्वतःचाच आवाज ऐकतं. स्पीकरने हललेली हवा आणि जमीन सुईला हलवते, सुई ते परत स्पीकरला देते. आणि आपण तो ठेवतो कुठे? कोपऱ्यातल्या शोकेसवर, जिथे खर्ज सगळ्यात जास्त फुगतो. त्याला कोपऱ्यातून काढा. आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा घेतला, खाली सायकलची अर्धवट हवा भरलेली ट्यूब, त्यावर प्लेयर. याच कामाचे तयार प्लॅटफॉर्म विकत मिळतात, किंमत बघून हसू येतं.

गुणगुण येत असेल, ५० हर्ट्झची, तर बहुतेक वेळा अर्थिंग. आमच्याकडे ती फक्त मार्च ते जूनमध्ये यायची. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात ओल राहिली नाही की अर्थिंग बसतं. टंचाईच्या दिवसांत त्या खड्ड्यात दोन बादल्या ओतताना आई ज्या नजरेने बघते... असो. भांडी विसळलेलं पाणी चालतं.

अमेरिकेतून भावाने आणलेला प्लेयर हे आणखी एक प्रकरण. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं असं समजतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, ६० हर्ट्झचे ५० हर्ट्झ तेच राहतात. जुन्या पद्धतीची सिंक्रोनस मोटर असेल तर थाळी मिनिटाला ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीस फेरे घेते आणि काळी एकचा सा खाली काळी पाचवर जाऊन बसतो. एका घरी मी असं ऐकलंय. यजमान म्हणत होते, "विनाइलचा वॉर्म साउंड." :) मोटरची पुली बदला, किंवा डीसी मोटरवाला घ्या.

वेग कसा तपासायचा? तानपुरा. पियानोच्या सुरात जे लपतं ते तानपुऱ्यात लपत नाही. रेकॉर्डचं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी मधल्या चरांवर सूर अर्धा टक्का वर-खाली होतो, दर १.८ सेकंदांना एक झोका. अर्धा टक्का म्हणजे अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले आठ-नऊ भाग, वर तितके आणि खाली तितके. षड्ज पाळण्यात बसल्यासारखा वाटतो. हा दोष रेकॉर्डचा आहे, आणि बाजारातला जवळजवळ कुठलाही महागडा प्लेयर तो काढू शकत नाही. (नाकामिचीने १९८० च्या दशकात रेकॉर्ड आपोआप मध्यावर आणणारं टर्नटेबल काढलं होतं. किंमत विचारू नका.) वेगाचं महत्त्व नासालाही माहीत होतं. १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या रेकॉर्डमध्ये केसरबाई केरकरांचं गाणं आहे. मिनिटाला १६⅔ फेऱ्यांवर ती वाजवायची हे कव्हरवर खुणांनी कोरलंय आणि सोबत सुई आणि कार्ट्रिजही पाठवलंय. ऐकायची खोली मात्र परग्रहवासीयांनी आपली आपण बघायची आहे.

राहिली ती अण्णांची ७८ ची ट्रंक. तिथे मात्र खोलीनंतर लगेच सुईवर खर्च करावा, कारण एलपीची सुई त्या रुंद चरात तळाशी जाऊन खडखडत फिरते. टोकाची त्रिज्या एलपीला १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ ला ६५ ते ७५ लागते. चौपट! वेगळी सुई घेण्याला पर्याय नाही. आणि त्या रेकॉर्डी लाखेच्या असतात, त्यांना एलपी धुवायचं आयसोप्रोपिलवालं पाणी लावाल तर लाख विरघळेल. साधं डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, लगेच कोरडं. ज्यांना या जुन्या तबकड्यांचा खरा नाद लागेल त्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं आणि सुरेश चांदवणकरांचं लिखाण शोधून वाचावं. मुंबईत १९९० पासून या मंडळींनी जे जमवून ठेवलंय त्याला तोड नाही.

अण्णा आता रोज संध्याकाळी एक बाजू लावतात. एकच, दुसरी दुसऱ्या दिवशी. मागच्या आठवड्यात नाट्यगीतातला एक शब्द गेली चाळीस वर्षं आपण चुकीचा म्हणत होतो असा शोध त्यांना लागला, आणि त्यावरून त्यांचा शेजारच्या काकांशी वादही झाला. प्लेयर तोच आहे, २०१२ साली घेतलेला. कार्ट्रिज तेच, फक्त सुई नवी. दर मे महिन्यात दहाही चौकटी गच्चीवर उन्हात टाकायच्या, नाहीतर कापसात कसर लागते, असं आईने जाहीर केलंय. तीन वर्षांनी चाचांकडून पुन्हा पिंजून घ्यायच्या. ७८ ची सुई ऑर्डर केली आहे, दिवाळीपर्यंत येईल.